श्वास घेणारी गच्ची

ऊन असं होतं की अनवाणी उभ्या असलेल्या माणसांना पाय आळीपाळीने उचलावे लागत होते. बाबांनी चपला खाली जिन्यातच काढायला लावल्या होत्या. काळ्या डांबरी गच्चीवर भर दुपारी अनवाणी उभं राहणं ही पहिली परीक्षा आहे, असं ते सांगत. ते स्वतः जाड गादीवर बसले होते. त्यांची परीक्षा बहुधा मागच्या जन्मीच झाली असावी.

सगळ्यांच्या नजरा पाण्याच्या टाकीशेजारच्या एका जागेवर खिळल्या होत्या. तिथे गच्चीचा काळा थर सुरकुतला होता. एखाद्या म्हाताऱ्या हत्तीची कातडी ताणून अंथरावी तसा. टाकीची सावली त्याच्यावर पडली होती.

"गप्प राहा," बाबा डोळे किलकिले करून म्हणाले. "ते जागे होतायत."

सावली इंचाइंचाने सरकत होती. तिची कड सुरकुत्यांवरून उतरली तसे बाबांनी दोन्ही हात वर केले आणि सुरू झाले, "ओढा, महाराज, ओढा! विश्वाचा वारा आत घ्या! या पामरांसाठी छाती भरून घ्या!"

आणि ती जागा उचलली जाऊ लागली. आधी बशीएवढी, मग पालथ्या ताटाएवढी, मग पालथ्या परातीएवढी. सुरकुत्या ताणून गुळगुळीत झाल्या.

"फुगलं! फुगलं!" मागून कोणीतरी ओरडलं.

"फुगलं नाही," बाबा नाराज होऊन म्हणाले. "श्वास घेतला म्हणा."

"श्वास घेतला!" गर्दीने दुरुस्ती केली आणि पाय उचलत उचलत हात जोडले.

जिन्याच्या दारात सूनबाई उभी होती. तिने चपला काढल्या नव्हत्या, त्यामुळे तिला विचार करायला सवड मिळत होती. बाबा आकाशाकडे पाहून बोलतात, पण हात उचलायच्या आधी त्यांची नजर खाली, सावलीच्या कडेवर असते, एवढं तिच्या लक्षात आलं. याचं काय करायचं ते मात्र तिला अजून कळलं नव्हतं.

तिला इमारतीत सगळे सूनबाईच म्हणत, कारण पाचव्या मजल्यावर ती आणि तिचे सासरे अप्पा असे दोघंच राहायचे. नवरा जहाजावर नोकरीला. गल्लीच्या तोंडाशी तिचं औषधांचं दुकान होतं. आणि गच्चीवरचा हा चमत्कार नेमका अप्पांच्या पलंगाच्या वर आला होता.

चमत्काराचा इतिहास फार जुना नव्हता. गच्ची गळायची, म्हणून उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिच्यावर डांबरी शीट बसवून घेतली होती. वरून बारीक काळी खडी चिकटवलेले ते जाडजूड गुंडाळे बर्नरने तापवून अंथरले गेले, सगळे खूश झाले, आणि काही आठवड्यांनी टाकीशेजारी हा उंचवटा दिसू लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकू उशा वाळत घालायला गेल्या होत्या, त्यांनी त्याला हात लावला आणि "आत काहीतरी धडधडतंय" म्हणत पाचही मजले उतरल्या. पाच जिने चढून गेलेल्या बाईच्या हातात काय धडधडत असेल, हे त्यांना कोणी विचारलं नाही.

इमारतीचे सेक्रेटरी खरं तर ठेकेदाराला बोलावणार होते. पण त्यांच्या ओळखीचे एक बाबा त्याच सुमारास मुक्कामाला होते. बाबांनी उंचवट्याला कान लावला, बराच वेळ लावला, आणि निकाल दिला की खाली एक महापुरुष ध्यानाला बसला आहे. दिवसा तो जगाचा श्वास आत घेतो, संध्याकाळी भक्तांना परत देतो. स्लॅब आणि शीट यांच्यामध्ये, जिथे पोस्टकार्ड सरकवायचं तर कष्ट पडतील, तिथे महापुरुषाने का बसावं, असा प्रश्न कोणाला पडला नाही. जागेची टंचाई सगळ्यांनाच माहीत होती.

बाबांना गच्चीवरची खोली मिळाली. गच्चीवर कपडे वाळत घालायला बंदी झाली. शीटवरची काळी खडी नखाने खरवडून तिच्या पुड्या वाटल्या जाऊ लागल्या. दम्याला उशीखाली, गुडघेदुखीला गुडघ्यावर, परीक्षेला खिशात.

अप्पांना दमा होता. पुडी त्यांच्या उशीखाली होती.

"अप्पा, सकाळचा पंप घेतलात?" सूनबाईने दुकानात निघताना विचारलं.

"वर चालू आहे," अप्पा पडल्या पडल्या छताकडे बोट करून म्हणाले.

"वर काय चालू आहे?"

"श्वास. बाबा म्हणाले, एका छपराखाली दोघांनी कष्ट करायची गरज नाही."

"मग जेवायचे कष्ट पण त्यांनाच करू द्या. आज तुमचं ताट वाढत नाही."

"जेवणाबद्दल बाबा काही बोललेले नाहीत," अप्पा घाईघाईने म्हणाले.

अप्पा काही अडाणी नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली होती. लग्नपत्रिकेतसुद्धा त्यांना चुका दिसायच्या, आणि त्या ते नवरदेवाला स्टेजवर जाऊन सांगायचे. पण दमा म्हणजे रोज उठून आपल्याच छातीशी भांडण, आणि भांडून थकलेल्या माणसाला कोणी सांगितलं की तुझ्या वतीने दुसरा भांडेल, तर तो पुरावा मागत नाही. रोजचा पंप बंद करू नका, बरं वाटलं तरी करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. अप्पांनी तो बंद केला होता. आणि पहिले काही दिवस त्यांना खरोखर बरं वाटलं, कारण त्या पंपाचा परिणाम थोडे दिवस टिकतो. त्याचं श्रेय अर्थातच वर गेलं.

मग एके दिवशी आभाळ भरून आलं. ऊन पडलंच नाही, आणि उंचवटा काही उठेना. बाबांनी आवाज चढवला, मग उतरवला, मग जाहीर केलं, "आज महाराजांचं मौन आहे."

सूनबाईच्या दुकानातला फोन वाजला. पहिल्या मजल्यावरच्या काकू होत्या.

"अगं लवकर ये. अप्पांची छाती शिट्टीसारखी वाजतेय. पंप देते तर तोंड फिरवतात!"

ती गल्लीतून धावत आली. अप्पा पलंगाच्या कडेवर वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे कानांपर्यंत चढलेले, ओठ निळसर.

"तोंड उघडा."

अप्पांनी मान हलवली.

"अप्पा, मी तुमच्या मुलाला फोनवर काय सांगू? की वर ढग आले म्हणून वडील गेले?"

त्यांनी तोंड उघडलं. तिने तातडीचा पंप दाबला, थांबली, पुन्हा दाबला. हळूहळू शिट्टी खाली आली, खांदे खाली आले. बोलता येऊ लागल्याबरोबर अप्पा म्हणाले, "बघ. वरचा थांबला, म्हणून माझा थांबला."

तिने डोक्याला हात लावला.

"बाबा म्हणतात, पंप आहे म्हणून माझी श्रद्धा अर्धीच आहे. रविवारी सगळ्यांसमोर दोन्ही पंप त्यांच्या हातात द्यायचे. कायमचे."

"आणि तातडीचा लागला तर?"

अप्पांनी छताकडे पाहिलं.

रागावून काही होणार नव्हतं, हे तिला कळत होतं. रागावलेल्या सुना बाबांना नवीन नव्हत्या. त्यांच्यासाठी ते प्रवचनात वेगळा परिच्छेद राखून ठेवत.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. अप्पांची घामाने भिजलेली चादर तिने धुतली आणि बंदी असूनही गच्चीच्या पलीकडच्या कोपऱ्यात दोरीवर टाकली. तिथे आणखी एक उंचवटा होता, लहानसा. पण बाबांची गादी टाकायला तिथे टाकीची सावली नसल्याने त्याला कोणी विचारत नव्हतं. तिने मनातल्या मनात त्याचं नाव धाकटे महाराज ठेवलं.

चादर काढायला ती आली तेव्हा धाकट्या महाराजांचं अर्धं अंग उन्हात होतं आणि टम्म होतं. अर्ध्यावर चादरीची सावली होती. ते सपाट होतं.

ती थबकली. चिमटे काढून तिने चादर पुढे ओढली. थोडा वेळ कठड्याला टेकून वाट पाहिली. महाराज हवा गेलेल्या गादीसारखे बसले. तिने चादर मागे घेतली. महाराज उठले. चादर पुढे, झोपले. चादर मागे, जागे. दोन चिमट्यांवर चालणारा महापुरुष तिने प्रथमच पाहिला.

तिथून ती तडक ठेकेदाराच्या गोदामात गेली. डांबरी शीटच्या गुंडाळ्यांच्या राशीवर बसून तो डबा खात होता.

"ताई, खरं सांगू? फुगा आहे तो," तो म्हणाला.

"ते कळलंय. कशामुळे आला?"

"शीट कोरड्यालाच धरते. स्लॅब झाडायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग पातळ डांबराचा हात मारायचा, तोही सुकू द्यायचा. मग पाणी जिकडे उतरतं त्या टोकाकडून गुंडाळा उलगडत जायचा. बर्नरने शीटचं पोट वितळवायचं आणि लगेच दाबायचं. एकीची कड दुसरीवर चढवायची, आणि जोडातून डांबराची बारीक रेघ बाहेर आली की समजायचं, चिकटली. खाली ओल राहिली तर तेवढी जागा चिकटतच नाही. वरून ऊन लागलं की आतली हवा पसरते, पाण्याची वाफ होते. बाहेर पडायला वाट नाही, शीट तापून मऊ झालेली. मग ती शीटच उचलते. गार झालं की परत खाली."

"मग ओल्यावर कशाला लावलीत?"

ठेकेदाराने डब्याचं झाकण लावलं. "तुमच्या इमारतीत खाली फोटो टांगलाय ना, तो नीट बघा. मी दोन दिवस मागितले होते. मला सांगितलं, अध्यक्ष उद्या परगावी जाणार, आजच सुरू करा. मी केलं. तेवढं माझं चुकलं."

"आणि इतके दिवस गप्प का?"

"ताई, फुगा आला की लोक मला शिव्या घालतात. या धंद्यात आल्यापासून पहिल्यांदाच लोक फुग्याला नमस्कार करतायत. म्हटलं, चालू दे."

"पावसात फुटून गळायला लागलं तर?"

"तर तुमचे सेक्रेटरी म्हणतील, महाराजांना रडू आलं."

ती हसली नाही. तिने त्याला निळसर ओठांबद्दल सांगितलं, रविवारबद्दल सांगितलं. मग तोही हसला नाही.

"रविवारी चाकू घेऊन येतो," तो म्हणाला.

घरी परतताना ती खालच्या फोटोसमोर उभी राहिली. रोज त्याच्याखालून जाऊनही आपण तो कधी पाहिलाच नव्हता, हे तिला जाणवलं. मग तिने सेक्रेटरींची बेल वाजवली.

"रविवारी महाराजांना गार पाण्याने आंघोळ घालावी म्हणते. एवढ्या उन्हात बसतात बिचारे."

सेक्रेटरींचा चेहरा उजळला. "सूनबाई! तुम्हीसुद्धा! मी म्हणतच होतो, शिकलेल्या माणसाला जरा वेळ लागतो."

रविवारी गच्चीवर उभं राहायला जागा नव्हती. अप्पांना मानाची खुर्ची होती. दोन्ही पंप त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते, आणि त्यांचा हात राहून राहून खिशाकडे जात होता. सावली सरकली, बाबांनी हात उचलले, विश्वाचा वारा ओढला गेला, उंचवटा परातीएवढा झाला.

"आता," बाबा अप्पांकडे वळून म्हणाले, "कुबड्या टाका."

"आधी माझी सेवा," असं म्हणत सूनबाई पुढे आली. मागून काकूंनी दुसरी बादली आणली. दोन्हींत दुकानातल्या फ्रीजमधला बर्फ तरंगत होता.

बादल्या पाहिल्याबरोबर बाबांचा सूर बदलला. "नको, नको! महाराजांना गार सोसत नाही."

"परवाच तर तुम्ही म्हणालात, त्यांना ऊन आणि थंडी सारखीच."

"ती आतून! बाहेरून नाही!"

"अहो, घालू द्या की!" अनवाणी गर्दीतून कोणीतरी ओरडलं. बर्फाच्या पाण्याचा एखादा ओघळ आपल्याही पायाखालून जाईल, ही आशा त्यात असावी.

तिने बादली हळूहळू ओतली. तापलेल्या काळ्या खडीवरून पाणी सळसळत गेलं. परातीचं ताट झालं. काकूंनी दुसरी बादली ओतली. ताटाची बशी झाली, मग सुरकुत्या आल्या, आणि महाराज सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खाली बसले. बाबा मंत्र म्हणत होते. मंत्र वर चढत होता, महाराज खाली उतरत होते.

अप्पांचा हात छातीवर गेला.

याच क्षणाची सूनबाईला भीती होती. खांद्यावरच्या पिशवीत तिने तातडीचा आणखी एक पंप ठेवला होता. बादली टाकून ती त्यांच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.

"अप्पा, माझ्याकडे बघा. आत घ्या."

अप्पांनी श्वास घेतला.

"सोडा. पुन्हा घ्या. चालू आहे?"

"आहे," अप्पा चाचरत म्हणाले.

"आणि वरचा?"

अप्पांनी त्या चपट्या, ओल्या जागेकडे पाहिलं. "तो बंद आहे."

"तो बंद आहे, तुमचा चालू आहे. मग कोणाचा कोणावर चालत होता?"

अप्पांच्या कपाळावर ती जुनी आठी पडली, लग्नपत्रिका हातात आल्यावर पडायची ती.

"अनर्थ!" बाबा उभे राहिले. "या बाईने महाराजांना घालवलं!"

"कुठे जात नाहीत ते. पाणी वाळलं की येतील," सूनबाई म्हणाली. "तुम्ही मात्र मंत्र म्हणू नका."

उन्हाने पाणी बघता बघता वाळवलं. बाबा गप्प होते. महाराज उठले. मग तिने आणि काकूंनी अप्पांची चादर चार हातांत ताणून त्यांच्यावर सावली धरली. महाराज बसू लागले. चादर काढली. उठू लागले. तिसऱ्या खेपेला गर्दीतलं एक पोर खुदकन हसलं, आणि मग हसण्याला धरबंध राहिला नाही.

"चादरीवर करणी आहे!" बाबांनी शेवटचा प्रयत्न केला.

"साबण आहे," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात जिन्याच्या दारातून ठेकेदार आला. त्याने बाबांकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. "अरे! तुम्ही इथे? दाढीत ओळखलंच नाही. आमच्याकडे गळती बंद करायची पत्रकं वाटायला होतात ना? फुगे दाखवून गिऱ्हाइकांना घाबरवायचात!"

बाबांना अचानक चपला आठवल्या. ते जिन्याकडे निघाले. तापलेल्या गच्चीवरून अनवाणी चालताना त्यांचेही पाय आळीपाळीने, जरा भरभरच, उचलले जात होते.

ठेकेदाराने बाकदार चाकूने उंचवट्यावर फुली मारली. फुस्स झालं. चार पाकळ्या उलटून त्याने दाखवल्या. आत दमट स्लॅब, कुबट वास, चमचाभर पाणी.

"एवढंच?" सेक्रेटरींनी विचारलं.

"एवढंच. आता हे उघडंच वाळू द्यायचं, मग पाकळ्या चिकटवायच्या, वरून मोठं ठिगळ लावायचं. आणि जिथे जिथे तुम्ही खडी खरवडलीत तिथेही. ती खडी उन्हापासून डांबर वाचवायला असते, उशीखाली ठेवायला नाही."

"पण पाणी आलं कुठून? पाऊस तर पडलाच नाही," गर्दीतून कोणीतरी विचारलं.

सूनबाईने खालून आणलेला फोटो वर धरला. नव्या छपराचा शुभारंभ. समितीचे सगळे सभासद पँटी दुमडून ओळीत उभे, मधोमध अध्यक्ष, त्यांचा हात शीटच्या गुंडाळ्यावर, मागे पेटलेला बर्नर घेऊन कारागीर तयार. आणि फोटो चांगला यावा म्हणून पाइप लावून गच्ची अशी धुतलेली, की ओल्या स्लॅबमध्ये अध्यक्ष उलटेही दिसत होते.

"धूळ दिसली असती हो फोटोत," सेक्रेटरी पुटपुटले.

अप्पांनी फोटो हातात घेतला. चष्मा वर-खाली करून पाहिला. "जन्मभर लोकांच्या मजकुरातल्या चुका काढल्या," ते म्हणाले. "हा मात्र न वाचताच पास केला." मग त्यांनी खिशातून रोजचा पंप काढला, हलवला, दाबला आणि दीर्घ श्वास आत घेतला. कोणी हात जोडले नाहीत.

सूनबाईने भाषण केलं नाही. चादरीची घडी घालता घालता, जवळ उभे होते त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "उद्या पुन्हा काहीतरी फुगेल, कुठून तरी काहीतरी ठिबकेल. हात जोडायच्या आधी एकदा सावली धरून बघा, पाणी ओतून बघा. खरं असेल तर त्याला काही होणार नाही. आणि जो बघू देत नाही, त्याच्या हातात औषध देऊ नका."

ती फुली पुढचे काही दिवस उन्हात उघडी पडली होती. ठिगळ लावायच्या सकाळी सेक्रेटरी गच्चीवर आले, त्यांच्या हातात पाइप होता. एवढी माणसं येऊन गेली होती, पायांचे ठसे दिसत होते, जरा धुऊन घेतलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

अप्पा छत्री उघडून त्या उघड्या फुलीशेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"एक थेंब जरी टाकलात," ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांना एका दमात म्हणता आलं, "तर पुढच्या महाराजांची सगळी सेवा तुम्हालाच करावी लागेल. अनवाणी."

सेक्रेटरींनी पाइप गुंडाळला.